मिरचीच्या नावाचा प्रोग्राम

मे महिन्यात आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षा चालतात. बाहेर औरंगाबादचं ऊन रणरणत असतं, आत पंखे तीच गरम हवा इकडून तिकडे ढकलत असतात, आणि वर्षभर ज्यांनी माझ्याकडे धड पाहिलेलं नसतं अशी मुलं एकेक करून समोर येऊन बसतात. ती घाम पुसतात, मीही पुसते. बाहेरगावाहून आलेले परीक्षक मुलांपेक्षा घड्याळाकडे जास्त बघत असतात. या दिवसांत मला कुठून तरी ओल्या कागदाचा वास येतो. त्या खोलीत ओला कागद कुठेच नसतो. मी एकदा टेबलाखाली वाकूनही पाहिलं आहे.

यंदा एका मुलीला मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. कॉम्प्युटरच्या जुन्या भाषांवरचा एक धडा अभ्यासक्रमात अजून उरलेला आहे, कुणाला काढायचं सुचलं नाही म्हणून. प्रश्न असा की, मुख्य प्रोग्रामने कुठल्या उपप्रोग्रामला बोलवायचं हे आधी ठरलेलं नसेल तर काय करायचं? तिने बरोबर सांगितलं. बोलवायचं नाव एका जागी साठवून ठेवायचं, आणि प्रोग्राम चालू असताना त्या जागेत जे नाव सापडेल त्याला बोलवायचं. मी मान डोलावली. ती उठता उठता थांबली आणि म्हणाली, “पण मॅडम, त्या नावाचं कुणी नसेलच तर?”

परीक्षक हसले. “अहो बाई, प्रश्न आम्ही विचारायचे असतात,” ते म्हणाले. मीही हसले. तिला गुण चांगले दिले, उत्तर मात्र दिलं नाही. ते मला पाठ आहे.

माझी पहिली नोकरी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका बियाणे कंपनीत होती. साल नव्वदच्या जरा पुढचं. मी वाटूरची, कोबॉल आणि फॉक्सबेस या कॉम्प्युटरच्या भाषा शिकून आलेली, तेवीस वर्षांची, आणि आपल्याला सगळं येतं अशी मनातून खात्री असलेली. ऑफिसात मी एकटीच बाई. बाकीचे लोक वाईट नव्हते, पण मी दिसले की त्यांचं बोलणं थांबायचं आणि मी गेले की पुन्हा सुरू व्हायचं. जुन्या जालन्यात एक खोली घेतली होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, म्हणून मालकीणबाई माझ्याशी बोलायच्या त्या फक्त हंड्यांबद्दल. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने वाटूर, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. मधल्या दिवसांत असं व्हायचं की संध्याकाळी खोलीवर आल्यावर लक्षात यायचं, आज आपण कुणाशी एक पूर्ण वाक्यसुद्धा बोललो नाही. मग मी आरशासमोर उभी राहून उगाच एखादं वाक्य बोलून बघायची. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कंपनीत एसी दोनच होते. एक कॉम्प्युटरला आणि एक बियांना. मॅनेजर साहेबांना कूलर. बियांची खोली म्हणजे उगवण तपासायची प्रयोगशाळा. पेरणीच्या आधी, एप्रिल-मे महिन्यात, प्रत्येक लॉटमधून चारशे बिया काढायच्या, ओल्या जाड कागदावर ओळीने मांडायच्या, कागदाची पुंगळी करून उभी ठेवायची, आणि ठरलेल्या दिवशी उलगडून किती उगवल्या ते मोजायचं. बाहेर लोखंडी फाटक हाताला चटका द्यायचं आणि या खोलीत शेकडो ओल्या पुंगळ्या मान वर करून उभ्या असायच्या. तो वास मला लागला तो तिथे. कागदाचा, पाण्याचा आणि आत काहीतरी फुटत असल्याचा.

पुंगळ्या मोजायचं काम गयाबाईंचं. गयाबाई टेंभुर्णीच्या, नवऱ्याच्या माघारी मुलाला घेऊन जालन्याला आलेल्या, चाळिशीच्या. शाळा चौथीपर्यंत. पण पुंगळी उलगडली की चिमट्याचं टोक ओळीवरून असं सरकत जायचं की बघत राहावं. चांगला कोंब डावीकडे, वाकडा उजवीकडे, मेलेलं बी खाली. तोंडाने दुसरंच काही बोलत असायच्या आणि आकडा चुकत नसे. ज्वारी दहाव्या दिवशी, बाजरी सातव्या, कापूस बाराव्या, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कुणी विचारलं तर त्या बोटांवर मोजून सांगायच्या नाहीत, पुंगळीकडे बघून सांगायच्या.

मी पहिल्यांदा तिथे गेले ते थंडाव्यासाठी. माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीतला एसी त्या दिवशी बंद पडला होता.

“या ताई, बसा. दार लावून घ्या जल्दी, वाफ येती,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून, “तुम्ही कोन्या गावच्या?”

“वाटूरच्या.”

“मंग फाट्यावरच्याच की. माझी बहीण दिली ना तिकडं, परतुरात. एवढ्या लांबून येऊन एकट्या राह्यल्या? करमतं का?”

करमत नाही, असं मी म्हणाले. इतक्या महिन्यांत मला ते कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझी दुपारची सुट्टी तिथेच जाऊ लागली. त्या मोजत असायच्या, मी स्टुलावर बसून बडबडत असायची. घरचं, खोलीचं, मालकीणबाईंच्या हंड्यांचं. आता विचार करते तेव्हा जाणवतं, त्यांच्याबद्दल मी फारसं विचारलंच नाही. एकटं माणूस कधीकधी फार स्वार्थी असतं. त्याला आपलं सांगायचीच इतकी घाई असते.

साहेबांना मोजणीचे दिवस कॉम्प्युटरवर हवे होते. रोज सकाळी मशीनने यादी छापून द्यायची की आज अमुक अमुक लॉट मोजायचे. मोजून आलेले आकडे तिच्यात भरले की तिनेच पास-नापास सांगायचं. माझ्या आधीच्या माणसाने जे अर्धवट लिहून ठेवलं होतं ते असं होतं: ज्वारी असेल तर हे कर, नाहीतर बाजरी असेल तर ते कर, नाहीतर कापूस असेल तर, असं पानभर. नवं पीक आलं की ते सगळं गाठोडं सोडायचं. मी ते फेकून दिलं. प्रत्येक पिकाचा एक छोटा वेगळा प्रोग्राम केला आणि त्याला पिकाचंच नाव दिलं. मुख्य प्रोग्राम लॉटच्या कार्डावरचं पिकाचं नाव वाचायचा आणि त्या नावाच्या प्रोग्रामला हाक मारायचा. कोणाला हाक मारणार आहोत हे त्याला आदल्या क्षणापर्यंत माहीत नसे. नवं पीक आलं तर एक छोटा प्रोग्राम लिहून शेजारी ठेवायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही.

मला ते फार आवडलं होतं. खोटं कशाला बोलू, मला मी स्वतःच फार आवडले होते.

एक अडचण होती, तीच जी त्या मुलीने परवा विचारली. कार्डावर असं नाव आलं की ज्याचा प्रोग्रामच नाही, तर मशीन मध्येच थांबायची, पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची आणि साहेब काचेतून माझ्याकडे बघायचे. दोनदा तसं झालं. दुसऱ्या वेळी ते सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, तुमचं यंत्र अडतं फार.” मला लागलं ते. मी त्याच दिवशी दोन ओळी वाढवल्या: त्या नावाचा प्रोग्राम सापडला नाही, तर ज्वारीला बोलवायचं. आमचे बहुतेक लॉट ज्वारीचेच असत. त्यानंतर माझं यंत्र कधी अडलं नाही.

त्या वर्षी कंपनीने मिरचीचं बियाणं नव्याने घेतलं होतं. मला मार्चमध्येच सांगितलेलं होतं, मिरचीचा प्रोग्राम लिहा म्हणून. मी वहीत टिपूनही ठेवलं. पण भावाचं लग्न वाटूरला, मेच्या सुरुवातीला. मी म्हटलं, आल्यावर लिहू, वीस मिनिटांचं तर काम. प्रोग्राम थांबला असता तर कुणीतरी आठवण केली असती. तो थांबणार नाही याची व्यवस्था मीच करून ठेवली होती.

लग्नाचे आठ दिवस मी माणसांत बुडून गेले होते. मांडव, उसाचा रस, करवल्यांची भांडणं, नव्या वहिनीच्या हातावरची मेंदी. वर्षभराची माणसं एकदम भेटली. परत येताना गाडीत डोळे भरून आले, आणि पहिला विचार आला तो हा की, उद्या दुपारी हे सगळं गयाबाईंना सांगायचं.

सकाळी ऑफिसात गेले तर त्यांच्या स्टुलावर दुसरीच एक मुलगी बसलेली होती.

झालं असं होतं. मिरचीचे लॉट यादीत दहाव्या दिवशी शेवटच्या मोजणीला आले. गयाबाई लॅबच्या सुपरवायझरला म्हणाल्या, मिरची चौदा दिवसांची असते, ती दहाला मोजायची नसते. तो म्हणाला, कॉम्प्युटर सांगतो ते मोजा. त्यांनी मोजली. निम्म्याही उगवल्या नव्हत्या. यंत्राने सगळे लॉट नापास केले. मोजून झालेल्या पुंगळ्या नियमाप्रमाणे टाकून दिल्या गेल्या. तेच बियाणं साहेबांनी आधीच बाहेरच्या एका प्रयोगशाळेतही तपासायला पाठवलेलं होतं, तिकडे ते उत्तम पास झालं. मग साहेबांनी मोजणीचे कागद मागवले, कागदावर गयाबाईंची सही होती. सुपरवायझर मूग गिळून बसला. चौथी शिकलेल्या बाईला नवं पीक कळलं नाही, असं ठरलं. त्यांना लॅबमधून काढून निवडणीच्या शेडमध्ये बसवलं, जिथे बायका दिवसभर पत्र्याखाली बसून बी निवडतात आणि त्यावरच्या औषधाच्या लाल भुकटीने संध्याकाळी कपाळापासून पायांपर्यंत लाल होतात.

हे मला शिपायाने सांगितलं. मी माझ्या खोलीत गेले, दार लावलं आणि प्रोग्राम उघडला. फार शोधावं लागलं नाही. मिरचीच्या नावाने हाक मारली होती, त्या नावाचं कुणी नव्हतं, म्हणून ज्वारी गेली होती. ज्वारीचे दिवस, पास-नापासाची ज्वारीची पट्टी. मी वीस मिनिटांत मिरचीचा प्रोग्राम लिहिला आणि शेजारी ठेवून दिला. यादी दुरुस्त झाली. जून महिन्यात मला कायम करण्याचं पत्र मिळायचं होतं. साहेब काचेपलीकडे बसले होते. उठून त्यांच्याकडे जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच होतं: साहेब, चूक माझ्या प्रोग्रामची आहे, गयाबाईंना परत लॅबमध्ये घ्या. मी ते वाक्य मनात तयार केलं. दुपारी बोलू म्हटलं. मग उद्या सकाळी. मग सोमवारी. त्या वाक्याचं पुढे काय झालं असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. तेही आरशासमोर बोलून झालं.

शेडकडे मी गेले नाही. पाण्याची टाकी तिकडेच होती, म्हणून मी घरून बाटली आणू लागले. दुपारची सुट्टी मी पडद्यासमोर बसून काढायची. त्या मे महिन्यातले आवाज मला अजून आठवतात: एसीची घरघर, प्रिंटरची कर्कश ओरड, भिंतीपलीकडे निवडणीच्या बायकांचं हसणं. त्या हसण्यात गयाबाईंचा आवाज आहे का हे मी ऐकत बसायची आणि नाही ऐकू आला की मला बरं वाटायचं की वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही. जूनमध्ये पत्र आलं. मी कायम झाले. त्या संध्याकाळी मालकीणबाईंना पेढे दिले. दुसरं कुणी नव्हतं द्यायला. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली आणि इकडे कॉलेजात आले.

त्यानंतर माझ्या आयुष्यात फार काही वाईट झालं नाही. लग्न झालं नाही, पण त्यासाठी मी त्या मिरचीला दोष देत नाही. आई-वडील गेले, भाऊ पुण्याला गेला, वाटूरचं घर बंद आहे. मी चांगली शिकवते असं मुलं म्हणतात. एवढं मात्र खरं की, मैत्री म्हणावी अशी मैत्री मला पुन्हा कुणाशी करता आली नाही. कुणी जवळ येऊन “करमतं का?” असं विचारलं की मी हसून विषय बदलते. आपल्याला असं कुणी विचारावं ही आपली लायकी नाही, असं आत कुठेतरी बसलेलं आहे.

मुलांना शिकवताना मी एक गोष्ट दरवर्षी सांगते. नाव सापडलं नाही तर प्रोग्रामला थांबू द्या. लाज वाटली तरी चालेल. ते खाली मान घालून लिहून घेतात. त्यांना वाटतं, हा परीक्षेचा मुद्दा आहे.

त्या मुलीचा प्रश्न मात्र या वेळी घरी आला माझ्याबरोबर. परीक्षा संपल्या, त्याच्या पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीत बसले. टेंभुर्णीला उतरून गयाबाई कुठे राहतात असं विचारलं, तर पहिल्याच दुकानदाराने विचारलं, “बियाच्या कंपनीतल्या का? मारुतीच्या मागं जा.” मुलगा आता गावातच राहून शेती बघत होता, म्हणून त्याही परत आल्या होत्या. ओसरीवर बसून तुरीची डाळ निवडत होत्या. केस पूर्ण पांढरे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवा चष्मा. हाताचा वेग तोच होता. मी नाव सांगितलं, तर हात थांबला.

“वाटूरच्या ताई,” त्या म्हणाल्या. “बसा. किती वाळल्या.”

सून पाणी घेऊन आली. मी पाणी प्यायले आणि गाडीत जमवून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. मिरची, ज्वारी, त्या दोन ओळी, साहेब, जूनचं पत्र. सोळा-सतरा वर्षं जे ओझं वाटत होतं ते सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत, याचीच मला जास्त शरम वाटली. त्या ऐकत होत्या आणि डाळ निवडत होत्या.

“ते मला तवाच समजल्तं,” त्या म्हणाल्या.

“कसं?”

“दहाव्या दिवशी मिरची कोन मोजतं? यादी तुमच्या मशीनीतून आल्ती. त्यात समजायचं काय.”

“मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?”

“मी सांगून कोन ऐकनार, ताई? सुपरवायझरला सांगून झाल्तं की. तुमचं ऐकलं असतं बराबर.” त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. “मी एक पुंगळी फेकली न्हवती. पदरात घालून आनली, शेडमधल्या माठामागं उभी केली. चौदाव्या दिवशी उघडून बघितली. समदी उगवल्ती. एक बी मेलेलं न्हाई.”

मी रिकामा पेला खाली ठेवला.

“म्हनलं, ताई लग्नावरून आल्या की त्यायला दावू. दोघी मिळून साहेबाकडं जाऊ. तुम्ही आलेल्या समजलं, मंग रोज वाट बघून राह्यले. आज येतील, उद्या येतील. रोज त्या कागदावर पानी शिंपडायची, वाळू नाही म्हनून.” हे त्या रागाने बोलत नव्हत्या. कुणाच्या तरी गावी जायचं राहून गेलं, तसं बोलत होत्या. “नोकरीचं काही न्हाई. शेडमधी बाया चांगल्या व्हत्या. पन तुमाला ते बघून आनंद झाला असता असं वाटल्तं मला.”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय. सडली,” त्या म्हणाल्या आणि सुपातली डाळ पुढे ओढली.

ऑफिसातल्या माझ्या खोलीच्या दारापासून ती शेड चाळीस पावलांवर होती.